हौशी व्यंगचित्र आणि सुताचे बाहुले: कागदापासून ग्रुपपर्यंत

हौशी व्यंगचित्र बहुतेक वेळा कागदावर झकास दिसतं आणि मोबाइलवर गेलं की विरून जातं. काढणारा ए-४ कागदावर काढतो, म्हणजे २१ सेंटीमीटर रुंदीत. बघणारा ते जेमतेम साडेसहा सेंटीमीटरच्या पडद्यावर बघतो. चित्र एक तृतीयांश होतं. बारीक रेघा गायब होतात, फुग्यातली अक्षरं मुंगीएवढी होतात आणि खाली 'छान' लिहून लोक पुढे सरकतात. त्यांनी विनोद वाचलेलाच नसतो. म्हणून माप पडद्यापासून उलटं काढायचं आणि मग पेन्सिल हातात घ्यायची.

चौकट आणि कागद

ए-५ कागदावर १२ सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर उंच चौकट आखा. हे ४:५ प्रमाण इन्स्टाग्रामवर न कापता पूर्ण बसतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही उभं, मोठं दिसतं. एवढ्या चौकटीत काढलेलं चित्र पडद्यावर साधारण निम्म्यावर येतं, म्हणजे काढताना जे दिसतं त्याच्या जवळपासचं लोकांना दिसतं. चौकटीच्या आत चारही बाजूंनी एक सेंटीमीटर जागेत महत्त्वाचं काही ठेवू नका. प्रोफाइलच्या छोट्या चौकोनांत कडा कापल्या जातात आणि सही नेमकी तिथेच असते.

झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा (एका चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) कागद कच्च्या आराखड्याला ठीक. पक्क्या चित्राला १४० ते २०० जीएसएमचा कार्ट्रिज कागद घ्या. पातळ कागदावर ब्रश पेनची शाई पसरते आणि रंगाचं पाणी लागलं की कागद फुगतो. मग फोटोत त्या लाटांच्या सावल्या येतात आणि त्या नंतर कुठल्याच अ‍ॅपमध्ये नीट निघत नाहीत.

आराखड्याला एचबी किंवा २बी पेन्सिल हलक्या हातानं. शाईला वॉटरप्रूफ फाइनलायनर: माणसांच्या बाहेरच्या रेषेला ०.५ ते ०.८ मिलिमीटरचा, आतल्या तपशिलाला ०.३चा. त्याहून बारीक पेन या मापाला नको. ०.१ची रेघ कागदावर नाजूक दिसते, पण व्हॉट्सअ‍ॅपनं फोटो दाबला की तुटक होते. जेल पेन टाळा, वर खोडरबर फिरवला की काळं फरफटतं.

विनोद आधी, चित्र नंतर

विनोद एका वाक्यात लिहून काढा. एका वाक्यात बसत नसेल तर तो एका चौकटीचा नाही. त्याच्या तीन चौकटी करा किंवा सोडून द्या.

उदाहरणच घेऊ. सोलापूरचा मे महिना, पारा चाळीसच्या वर. एक माणूस दुकानात सोलापुरी चादर मागतोय. पहिला मसुदा असा होतो: दुकानदार म्हणतो, "अहो, एवढ्या उन्हाळ्यात चादर कशाला घेताय?" गिऱ्हाईक म्हणतं, "घरात फार उकडतंय, चादर पाण्यात भिजवून खिडकीला लावणार आहे." विनोद आहे, पण सगळा बोलण्यात अडकलाय, चित्राला कामच उरलेलं नाही. आता गिऱ्हाइकाच्या हातात पाण्याची बादली द्या. दुकानदार: "मे महिन्यात चादर?" गिऱ्हाईक: "हो, भिजवूनच द्या." खिडकी, उकाडा, उपाय हे सगळं बादलीनं सांगितलं आणि शब्द सहा उरले. जे चित्रात दिसतं ते फुग्यात लिहायचं नाही, हा नियम एवढा एकच पाळला तरी निम्मी चित्रं सुधारतात. शि. द. फडणीस यांची शब्दविरहित चित्रं या दृष्टीनं बघा: वस्तू कुठे ठेवली आहे आणि कोण कुठे पाहतंय, एवढ्यावर ती उभी असतात.

विषय गावाचा असला तरी चालतो, उलट चांगलाच. फक्त बाहेरच्याला लागणारी खूण चित्रात हवी. जानेवारीतल्या गड्ड्यावर, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेवर विनोद असेल तर मागे आकाशपाळणा आणि गर्दी काढा, नाशिकच्या माणसाला 'यात्रा' एवढं कळलं तरी पुरे. बोलीचंही तसंच. "काय करलालास बे?" हे सोलापुरात एका फुग्यात लख्ख बसतं आणि बाहेरच्यालाही संदर्भानं लागतं. पण अख्खं संभाषण त्या थाटात लिहिलं तर वाचणारा अक्षरं जुळवत बसतो आणि तोवर हसू निघून जातं.

पुन्हा पुन्हा येणारं पात्र करायचं असेल तर त्याची ओळख एका ठळक गोष्टीवर टांगा. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन चौकड्यांच्या कोटावरून लांबूनही ओळखू येतो, चेहरा बघावा लागत नाही. तुमचं पात्र पाठमोरं आणि अंगठ्याएवढं काढून बघा. तरी ओळखलं गेलं तर जमलं.

फुगा आणि देवनागरी

इथे सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात, म्हणून जरा थांबू. फुगा आधी काढून त्यात शब्द कोंबायचे, ही सवय मोडा. शब्द आधी लिहा, त्यांच्याभोवती फुगा काढा.

१२ सेंटीमीटरच्या चौकटीत अक्षराची उंची, शिरोरेषेपासून पायापर्यंत, ६ मिलिमीटर ठेवा. पडद्यावर ती तीनच्या थोडी वर येते, वर्तमानपत्रासारखी सहज वाचता येते. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लोंबतं, त्यामुळे पेन्सिलीनं फक्त शिरोरेषेच्या रेघा आखायच्या. दोन रेघांत १२ मिलिमीटर अंतर ठेवा. इंग्रजीसारखं ८ ठेवलं तर वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी किंवा रफार एकमेकांवर चढतात. 'सूर्य' खाली आणि 'कुत्रं' वर आलं की लगेच कळतं.

अक्षरं आधी लिहा, शिरोरेषा शेवटी द्या आणि प्रत्येक शब्दाला वेगळी. सलग एक रेघ मारली की 'हो भिजवूनच द्या'चा एकच लांबलचक शब्द होतो. शब्दांमध्ये अर्ध्या अक्षराची मोकळी जागा पुरते. ७ सेंटीमीटर रुंद फुग्यात या मापानं एका ओळीत बारा-तेरा अक्षरं मावतात आणि तीन ओळींत आठ-नऊ शब्द. त्याहून जास्त शब्द लागत असतील तर वाक्य छाटा, अक्षर बारीक करू नका.

पहिलं बोलणारं माणूस डावीकडे आणि त्याचा फुगा वर. दोघांच्या जागा आराखड्यातच ठरवा. शाई फिरल्यावर लक्षात आलं की उत्तर प्रश्नाच्या आधी वाचलं जातंय, तर पूर्ण चित्र पुन्हा काढावं लागतं. फुग्याची शेपटी तोंडाच्या दिशेनं जावी, पण तोंडाला चिकटू नये.

अक्षर चांगलं नसेल तर फॉन्ट वापरा. मुक्त, बलू, कलम हे फॉन्ट फुकट आणि युनिकोड आहेत. कलम हातानं लिहिल्यासारखा दिसतो. अ‍ॅपमध्ये आधी तीन गोष्टी लिहून बघा: 'क्षितिज', 'दऱ्या', 'शाळा'. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडली किंवा जोडाक्षर फुटून मध्ये पाय मोडलेला दिसला, तर त्या अ‍ॅपला देवनागरी येत नाही. अशा वेळी दुसऱ्या अ‍ॅपमध्ये मजकूर लिहून त्याचं चित्र आणून चिकटवा. 'ल' आणि 'श' काही फॉन्टांत हिंदी वळणाचे येतात. चूक नाही ती, पण मराठी फुग्यात खुपते.

शाई आणि ऊन

आराखड्यावर शाई वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे न्या (डावखुऱ्यांनी उलट). तळहाताखाली कोरा कागद ठेवा. एप्रिल-मेमध्ये घामानं कागदावर तेलकट डाग पडतो आणि त्या जागी फाइनलायनर उड्या मारतो. पेन्सिल खोडण्याआधी फाइनलायनरला पाच मिनिटं द्या, दौतीतल्या ड्रॉइंग इंकला पंधरा.

पंख्याखाली ब्रशनं शाई लावताना ब्रशच्या टोकावरची शाई दाटते आणि रेघ केसाळ येते. पंखा बंद करणं शक्य नसेल तर ब्रश पेन वापरा, ते आतून ओलं राहतं. बोअरच्या जड पाण्यात कालवलेला गडद रंग वाळल्यावर कधीकधी पांढुरकी झाक देतो. रंगाला फिल्टरचं पाणी घ्या.

रंग कमी ठेवा. चादरीच्या चित्रात फक्त चादर लाल आणि बादली निळी, बाकी काळं-पांढरं. नजर आधी चादरीवर आणि मग बादलीवर जाते, म्हणजे विनोद ज्या क्रमानं उलगडायचा त्याच क्रमानं.

कागदावरून मोबाइलमध्ये

स्कॅनर मिळत असेल तर तोच घ्या. झेरॉक्सवाल्याला ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), रंगीत, असं स्पष्ट सांगा. न सांगता केलं तर बऱ्याचदा कमी डीपीआयची पीडीएफ हातात येते. १२ सेंटीमीटर रुंदी ६०० डीपीआयला २,८०० पिक्सेलच्या आसपास होते. पडद्याला १,०८० पुरतात, पण छपाईसाठी मोठी मूळ प्रत हवी.

फोटोच काढायचा असेल तर कागद टेबलावर ठेवू नका. टेबलावर ठेवला की मोबाइलची आणि डोक्याची सावली हमखास पडते. खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर कागद चिकटवा आणि मोबाइल त्याला अगदी समांतर धरा. वेळ सकाळी आठ ते दहा, खिडकीतून उजेड यावा, थेट ऊन नको. सोलापूरच्या थेट उन्हात पांढरा कागद फोटोत पांढराफटक पडतो आणि कागदाचा खरबरीतपणा रेघांपेक्षा ठळक येतो. खिडकीच्या उलट बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला की दोन्ही बाजू सारख्या उजळतात.

कॅमेरा अगदी जवळ नेला तर चौकटीच्या सरळ रेघा बाहेर फुगतात. साठ-सत्तर सेंटीमीटर लांब उभे राहून २ पट झूम करा. ग्रिड चालू, फ्लॅश बंद. मोबाइल पांढऱ्या कागदाला राखाडी करतो, म्हणून पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा वर सरकवा. रात्री एलईडीखाली काढलेल्या फोटोत आडवे पट्टे आले तर ते विजेच्या पुरवठ्यातल्या लुकलुकण्यामुळे असतात, दिवसा पुन्हा काढा.

साफसफाईत फोटो सुधारायच्या अ‍ॅपमधल्या कर्व्ह्ज किंवा लेव्हल्समध्ये काळं टोक थोडं आत आणि पांढरं टोक थोडं आत घ्या, ० ते २५५ मध्ये साधारण २० आणि २३५. कागद पांढरा होईल, रेघा काळ्या राहतील. पांढरं टोक २०० पर्यंत ओढलं तर ०.३च्या रेघा उडायला लागतात. स्कॅन करणाऱ्या अ‍ॅपमधला 'ब्लॅक अँड व्हाइट' पर्याय बिलांसाठी आहे, चित्राच्या छटा तो खाऊन टाकतो. रंग मोबाइलवर भरायचे असतील तर आयबिस पेंट या अ‍ॅपमध्ये रेषा वेगळ्या काढून पांढरं पारदर्शक करता येतं, मग रंग खालच्या थरावर. संगणकावर क्रिटा आणि गिम्पमध्ये रेषांचा थर 'मल्टिप्लाय'वर ठेवला की तेच होतं.

काळ्या-पांढऱ्या रेषाचित्राला पीएनजी, फोटोला जेपीजी. जेपीजी रेघांच्या कडेला धुरकट ठिपके सोडतं आणि चित्र दोन-तीनदा जतन झालं की ते वाढतात.

सुताच्या कोनाचा बाहुला

व्यंगचित्रातलं पात्र हातात धरता यावं असं वाटत असेल, तर सोलापुरात त्याचं सामान कारखान्याच्या दारात पडलेलं असतं. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांवर सूत संपलं की कागदी कोन उरतात: सुमारे १७ सेंटीमीटर उंच, वर निमुळते. सोबत तुटकं सूत, टॉवेलच्या कडांच्या चिंध्या, चादरीचे तुकडे. विचारून घ्या, रद्दीवाल्याकडे जाणारा माल असतो तो. तेल लागलेला कोन मात्र परत ठेवा, त्यावर रंग धरत नाही.

१. कोनाचा चकचकीत भाग बारीक पॉलिश पेपरनं घासा. न घासता पोस्टर कलर लावला की थेंब होऊन ओघळतो.

२. पांढरा पोस्टर कलर दोन भाग, फेविकॉल एक भाग आणि थोडं पाणी, असा लेप दोनदा द्या. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. उन्हात वाळवू नका. वरून वाळतो, आत ओला राहतो आणि भेगा पडतात.

३. तळाला पुठ्ठ्याची चकती चिकटवा आणि चिकटवण्याआधी आत मूठभर वाळू कागदात गुंडाळून ठेवा. नाहीतर डोकं बसवल्यावर बाहुला तोंडावर पडतो.

४. डोक्याला वर्तमानपत्राचा पाच सेंटीमीटरचा गोळा, वरून मास्किंग टेप. कोनाच्या टोकावर बसवून सांध्याभोवती कागदाच्या पट्ट्या फेविकॉलनं चिकटवा. ग्लू गन वापरली आणि बाहुला दुपारी गाडीच्या डिकीत राहिला, तर गोंद मऊ होऊन मान लवंडते.

५. अ‍ॅक्रिलिक रंगानं चेहरा. मिशीला सहा सेंटीमीटरचे वीसेक धागे मधोमध बांधा आणि टोकांना पातळ फेविकॉल लावा, म्हणजे पिंजत नाहीत. टॉवेलची झालर दाढीला उत्तम. चादरीच्या तुकड्याची शाल करताना कड दुमडून घ्या, कापलेली चादर उसवत जाते.

फोटो बाहुल्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढा, वरून काढला तर नुसतं टक्कल दिसतं. उजेड एका बाजूनं येऊ द्या, सुताचा पोत त्यानेच उठतो. मागे फिकट चार्ट पेपर भिंतीपासून टेबलापर्यंत वळवून ठेवा, कोपरा दिसत नाही. पार्श्वभूमीला सोलापुरी चादर अंथरायचा मोह सगळ्यांना होतो. तिच्या नक्षीत बाहुला हरवतो, नकोच. आकार कळावा म्हणून शेजारी आगपेटी ठेवा. (शेंगदाणा ठेवणारेही आहेत, पण शेंगदाण्याचं माप कुणी ठरवलेलं नाही.)

ग्रुपवर टाकताना

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो टाकला की लांब बाजू १,६०० पिक्सेलच्या आसपास आणली जाते. एचडीचा पर्याय निवडा. मूळ प्रत कुणाला पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. टाकण्याआधी चित्र स्वतःलाच पाठवून, झूम न करता, हातभर अंतरावरून वाचून बघा.

चित्राखाली विनोद समजावू नका. साधन आणि कागद लिहा, आणि बाहुला असेल तर उंची. इन्स्टाग्रामवर 'अल्ट टेक्स्ट'मध्ये दोन वाक्यांत चित्राचं वर्णन आणि फुग्यातले शब्द टाका, म्हणजे दृष्टिहीन वाचकालाही विनोद पोचतो. कल्पना कुणाची घेतली असेल तर नाव द्या. एआयकडून काढून घेतलं असेल तर तसं लिहा, हस्तकलेच्या ग्रुपवर ते लपवलेलं लगेच ओळखू येतं.

मत मागताना 'कसं वाटलं?' विचारलं तर उत्तर 'मस्त' येतं. 'चित्रात काय चाललंय ते सांगा' असं विचारा. तिघांपैकी दोघांनी बादली पाहिलीच नाही, तर बादली मोठी करायची किंवा पुढे आणायची. वाद घालायचा नाही. दुसऱ्याच्या चित्रावर बोलताना रेषांवर, जागेवर, अक्षरांवर बोला. न मागता दुसऱ्याचं चित्र 'दुरुस्त' करून ग्रुपवर टाकणं हे मात्र सरळ उद्धटपणाचं आहे, मग हात कितीही चांगला असो.

ग्रुप नवा सुरू करायचा असेल तर तीन नियम पुरतात. स्वतःचंच काम टाकायचं, फॉरवर्ड आणि शुभ सकाळ नाही. आठवड्याला एक विषय, पण सक्ती नाही. आणि ग्रुपमधलं चित्र काढणाऱ्याला विचारल्याशिवाय बाहेर न्यायचं नाही. पहिला नियम ढिला पडला की आठवडाभरात ग्रुपचा भाजीबाजार होतो, म्हणून अ‍ॅडमिननं पहिला फॉरवर्ड त्याच दिवशी काढावा.

हक्क आणि सांभाळायच्या गोष्टी

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्र काढताक्षणी त्याचा हक्क चित्रकाराचा असतो, नोंदणी बंधनकारक नाही, आणि तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. सही आणि साल चौकटीच्या आत, एखाद्या रेघेला लागून टाका. कोपऱ्यातली सही कापून चित्र पुढे पाठवणं सोपं असतं, पायाजवळची सही कापायला पाय कापावा लागतो. मोठा आडवा वॉटरमार्क चोरापेक्षा वाचकालाच जास्त अडवतो.

उलट बाजूही आहे. इंटरनेटवरचा फोटो जसाच्या तसा गिरवून स्वतःची सही करू नका. ओळखीच्या शेजाऱ्याचं, वर्गातल्या मुलाचं हुबेहूब अर्कचित्र त्यांना दाखवल्याशिवाय टाकू नका. बदनामी, धार्मिक भावना दुखावणं आणि गटागटांत तेढ वाढवणं हे भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत आणि 'फक्त गंमत होती' हे उत्तर ऐन वेळी उपयोगी पडेलच असं नाही. यात्रेवर चित्र काढताना गर्दी, ऊन, हरवलेली चप्पल असे भरपूर विषय आहेत, देवापर्यंत जायची गरज पडत नाही. राजकारण्यांवर काढायचं तर त्यांनी केलेल्या कामावर काढा, शरीरावर आणि जातीवर नको. तसा विनोद आळशीपणाचाही असतो.

दिवाळी अंकाला पाठवायचं असेल तर तयारी पावसाळ्यातच करा. त्यासाठी ६०० डीपीआयची मूळ प्रत ईमेलनं द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली १,६०० पिक्सेलची प्रत ३०० डीपीआयला छापली तर लांब बाजू साडेतेरा सेंटीमीटरच होते आणि पूर्ण पानावर ताणली की रेघांच्या कडा फुटतात. फाइलच्या नावात आडनाव, विषय आणि साल टाका, 'फायनल', 'फायनल २', 'नवीन फायनल' नको. कागदावरची मूळ चित्रं लॅमिनेट करू नका. प्लास्टिकच्या फाइलमध्ये, प्रत्येकात कोरा कागद घालून, आडवी ठेवा. लॅमिनेट केलेलं चित्र पुन्हा स्कॅन करायची वेळ आली तर त्यावर चमक येते.